बेवूत हात कोणाचा

पाडव्याच्या दिवशी आमच्या गावात सकाळी दहा-अकरापर्यंत कुणाच्या घरी तवा चढत नाही. चहा मिळतो, तोही म्हाताऱ्या माणसांना आणि गोळ्या घेणाऱ्यांना. बाकीच्यांनी अंघोळ करायची, गुढी उभी करायची, देवाला निवद दाखवायचा, आणि मग रिकाम्या पोटी पहिल्यांदा प्यायचं ते बेवू. शेवया, तूप, पुरणपोळी, येळवणीची आमटी, मिरचीची भजी हे सगळं त्याच्या मागून येतं आणि दुपारपर्यंत येतच राहतं.

बेवू म्हणजे कन्नडमध्ये कडुलिंब. भालकी तालुक्यातलं आमचं गाव, खटकचिंचोळीहून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर. घरात आम्ही मराठी बोलतो, पण या पेयाला दुसरं नाव आम्हाला ठाऊक नाही. पुण्याकडचे पाहुणे पाडव्याला लिंबाचा पाला आणि गूळ चिमूटभर खातात, तोंड वाकडं करतात आणि मोकळे होतात. आमच्याकडे तो ग्लासभर प्यायचा असतो. नव्या मातीच्या मडक्यात चिंचेचा कोळ, त्यात गूळ, किसलेली कैरी, डाळव्याचं पीठ, खोबरं, खसखस, वेलदोडा, आणि सगळ्यात शेवटी लिंबाचा फुलोरा. पाला नाही, नुसती फुलं. ती आदल्या दिवशी झाडाखाली चादर धरून झाडून आणायची, सावलीत पसरायची, फडक्यात चोळून देठ वेगळे करायचे. देठ किंवा पाला गेला तर कडूपणा घशात ठाण मांडून बसतो. फुलाचा कडूपणा नुसता चाहूल देऊन जातो, आणि मागून गूळ येतो.

वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी मडक्यात चारच वस्तू असायच्या. चिंच, गूळ, कैरी, फूल. डाळव्याचं पीठ आणि खोबरं आईबरोबर आलं, तिच्या माहेरून, संतपूरकडून. द्राक्षं आणि केळी मी शाळेत असताना आली. काजू आणि बेदाणे मी आणले, ते कशासाठी आणले तेही सांगायचं आहे.

या मडक्याचे दोन नियम आहेत. करणाऱ्याने चाखायचं नाही, कारण देवाच्या आधी चाखलं तर ते उष्टं होतं. त्यामुळे सगळा भरवसा डोळ्यावर आणि हातावर. म्हणूनच आमच्याकडे बेवू कसं झालं असं विचारत नाहीत, हात कोणाचा असं विचारतात. दुसरा नियम पिणाऱ्याला. ग्लासात जे आलं ते आपलं वर्ष. कडू आलं तरी संपवायचं, ग्लास उपडा ठेवायचा आणि म्हणायचं, "गोड झालं."

गल्लीत घरोघरी मडकी असतात आणि सगळे सगळ्यांकडे जातात, पण आमच्या ओसरीवर माणसं रेंगाळायची. वडिलांचा हात तसा होता. धुतलेला सदरा घालून ते मडक्याशी मांडी घालून बसायचे आणि स्वतः वगराळ्याने वाढायचे. एरवी त्यांच्याशी बांधावरून भांडणारी माणसंसुद्धा त्या दिवशी दोन्ही हातांनी ग्लास पुढे करायची. त्या जागेची मला लहानपणापासून हाव होती. ती जागा थोरल्या मुलाची, म्हणजे माझी, असं मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

वडील गेल्यावर चार पाडवे मी तिथे बसलो. मी गुलबर्ग्याला शाळेत मास्तर आहे. शहराचं नाव कागदोपत्री कलबुर्गी झालं, तरी आमच्या तोंडी गुलबर्गाच आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी यायचो, फुलं झाडायचो, सकाळी मडकं करायचो. लोक यायचे, प्यायचे, ग्लास उपडा ठेवायचे, गोड झालं म्हणायचे. त्याहून जास्त कुणी काही म्हणत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पाचव्या वर्षी मी उशीर केला. आदल्या संध्याकाळी आमच्या कॉलनीत कार्यक्रम होता, त्यात मला भाषण करायचं होतं, म्हणून मी सकाळच्या बसने निघालो. गल्लीत शिरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ओसरीवर माझा धाकटा भाऊ बसला होता, वडिलांच्या जागी, हातात वगराळं. समोरचे चाचा, म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, गावचे शिंपी, उभ्याउभ्या पीत होते. मला बघून म्हणाले,

"मास्तर, दुसरा ग्लास हाय माझा. बापाचा हात धाकट्याला उतरलाय बघ."

दुसरा ग्लास. माझ्या चार वर्षांत कुणी दुसरा मागितला नव्हता.

मी प्यायलो. चाचा खोटं बोलत नव्हते. तीच चव होती, तोच कडूपणा, येतो न येतो तोच गेलेला. ग्लास उपडा ठेवायचं मी विसरलो. भाऊ समजला की मला वडिलांची आठवण आली. वडिलांची आठवण नव्हती ती. वडिलांनी जाताना जे मागे ठेवलं ते त्याला सापडलं आणि मला नाही, याचं दुःख होतं. दुःखसुद्धा नव्हतं. हेवा होता.

माय खाटेवरून म्हणाली, "आता हेच चालू दे. जो गावात ऱ्हातो त्याचा हात मडक्यात."

बोलणं रास्त होतं. शेत तो बघतो, मायच्या गोळ्या तो आणतो, तिला भालकीच्या दवाखान्यात तो नेतो. मी सणाला येतो. मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी मी गुलबर्ग्याहून काजू आणि बेदाणे घेऊन आलो आणि त्याने केलेल्या मडक्यात ओतले. माझंही काहीतरी त्यात असावं म्हणून. शेजारची अक्का, जिने आम्हा दोघांना अंगाखांद्यावर खेळवलं, तिने ग्लासात बोट घातलं.

"हे काय रं मास्तर? दात न्हाईत मला. ह्ये चघळू का पिऊ?"

चाचांनी ग्लास उजेडाकडे धरला. "मास्तर, ये बेवू है कि हमारा शीरखुर्मा? ईद को अभी टैम है."

सगळी ओसरी हसली. भाऊ हसला नाही. म्हणाला, "अण्णानं हौसेनं आनलंय. काजू काडून हातावर घ्या, बेवू पिऊन टाका."

चाचांची थट्टा मी तासाभरात विसरलो. भावाने सांभाळून घेतलं ते वर्षभर टोचत राहिलं.

त्याच्या पुढच्या पाडव्याचं सांगायला मला सात वर्षं लागली.

सकाळचे सात-साडेसात झाले असतील. भावाने मडकं तयार केलं, फुलं सोडली, वर फडकं बांधलं आणि गुढीची काठी धुवायला आडावर गेला. माय न्हाणीत होती. गुढीला बांधायचा लिंबाचा डहाळा कोपऱ्यात होता, हिरव्या कोवळ्या पाल्याचा. मी ओंजळभर पाला ओरबाडला, खलबत्त्यात घातला आणि कुटायला लागलो. विचार करून नाही, असं लिहिलं तर बरं वाटेल, पण विचार आदल्या रात्रीपासून होता.

आडावरून आवाज आला, "काय कुटायलास अण्णा?"

"वेलदोडे," मी म्हणालो.

"मी घातल्यात की."

"थोडे आनखी."

तो पुन्हा काठी धुवायला लागला. मी तो हिरवा लगदा पिळून मडक्यात सोडला आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळला. चिंचेच्या रंगात काही दिसलं नाही. फडकं पुन्हा तसंच बांधलं. चाखायचं नाही हा नियम माझ्या कामी आला.

निवद झाला. दहाच्या सुमाराला गल्ली आली. पहिला ग्लास अक्काचा. तिने घोट घेतला, थांबली, भावाकडे पाहिलं, आणि राहिलेला ग्लास एका दमात संपवून उपडा ठेवला.

"गोड झालं," ती म्हणाली.

चाचा प्यायले. डोळे मिटून प्यायले. "गोड झालं." दुसरा मागितला नाही. त्यांच्या मागून गल्लीतली तीस-चाळीस माणसं आली. एकेकाच्या गळ्याची गाठ वरखाली होताना मी भिंतीला टेकून बघत होतो. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. बायकांनी पदराने ओठ पुसले. सगळे गोड झालं म्हणाले आणि कुणी रेंगाळलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी बोलेल, थट्टा होईल, भाऊ शरमेल आणि मला बरं वाटेल. त्याऐवजी सगळ्या गल्लीने माझा मत्सर मुकाट्याने, मानाने पिऊन टाकला.

भावाने शेवटी स्वतःसाठी वाढून घेतलं. प्यायला. गुळाचा खडा आणून मडक्यात टाकला, पण आता प्यायला कुणी उरलं नव्हतं.

मायने घोट तोंडात घोळवला. "ह्यात पाला हाय."

भाऊ खाली बघून म्हणाला, "देठ ऱ्हायले असतील माय. माझंच चुकलं."

"एवढे देठ?"

"घाईत चोळली फुलं."

मी शेवया खाल्ल्या. तूप मागून घेतलं.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. वर्गात मुलांना मी तेच शिकवतो. तरी त्या वर्षी गावाहून फोन आला की मी आधी सगळे बरे आहेत ना ते विचारायचो. पावसाळ्यात अक्का ओट्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. तुरीला मर लागली, उभी झाडं वाळली. ती आमच्या शिवारात बऱ्याच वर्षांनी लागते असं नाही, लागतच असते, पण गल्लीत एक बोलणं सुरू झालं होतं. हसत हसत. "यंदाचं बेवूच कडू होतं बाबा, धाकट्याच्या हातचं." भाऊसुद्धा हसायचा म्हणे.

संक्रांतीला गेलो तेव्हा माय म्हणाली, "येत्या पाडव्याला थोरल्याला बसू दे मडक्याला."

भाऊ म्हणाला, "बसू दे की. त्याचीच जागा हाय ती."

मला जे हवं होतं ते मिळालं.

आणि त्या पाडव्याला कुणीच आलं नाही. पाडव्याच्या दिवशीच सगळा देश बंद झाला होता. गुलबर्ग्यात रोग त्याआधीच पोचला होता, शाळा बंद झाल्या म्हणून मी दहा दिवस आधी गावी आलो होतो, आणि गल्लीतली माणसं मला बघून दार लोटून घ्यायची. त्यांचं चुकत नव्हतं. तरी मी मडकं केलं. फुलं एकेक करून निवडली, देठ म्हणून राहू दिला नाही. धुतलेला सदरा घातला आणि वडिलांच्या जागी वगराळं घेऊन बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. समोर चाचांचं दार बंद. पलीकडे अक्काने खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावली. शेवया गार झाल्या.

भाऊ शेतातून आला, पाय धुतले आणि समोर बसून दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला.

"वाढ अण्णा."

"लहान्या, मी गुलबर्ग्याहून आलोय. लोक भ्यायलेत."

"वाढ की. बारा वाजायलेत, भूक लागलीया."

तो सगळा ग्लास प्यायला आणि उपडा ठेवला. "गोड झालं."

गोड झालं नव्हतं. बरं झालं होतं, माझ्या हाताने होतं तेवढंच. उरलेलं बेवू टाकून देत नाहीत. आम्ही दोघांनी मडकं उचलून शेतातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. पूर्ण भरलेलं मडकं किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी ते नेहमी रिकामं करूनच लोक जायचे.

तेव्हापासून मीच बसतो आहे. गल्ली पुन्हा यायला लागली. ग्लास उपडे पडतात, गोड झालं म्हणतात, कुणी दुसरा मागत नाही. भाऊ दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी येतो, तळाचं गाळासकट पितो. त्याचा ग्लास भरताना मला त्याचा हेवा वाटतो. त्याच्याजवळ लपवण्यासारखं काही नाही याचा.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं त्याच लिंबाखाली होतो. फुलोरा अजून पुरता आला नव्हता. तो फांदीवर, हातात काठी. मी खाली चादरीची दोन टोकं धरून, उरलेली दोन दगडाखाली. फुलं पडत होती, माझ्या डोक्यावर, चष्म्यावर. मी वर न बघता बोललो.

"लहान्या, त्या वर्षी बेवू कडू झालं होतं, ते..."

काठी थांबली.

"वेलदोड्यानं बोटं हिरवी होत्यात का अण्णा?" वरून आवाज आला.

मी वर बघितलं. "तुला ठावं होतं?"

"तू शेवया खायलास तवा दिसली. नखापतूर हिरवी."

"मग बोलला कामून न्हाईस?"

"काय बोलू? सणाच्या दिवशी, माय ऐकायली असताना, थोरल्या भावाला काय म्हनू?" त्याने दोन-तीनदा काठी मारली. थोडी फुलं पडली. "मागितलं असतंस तर दिलं असतं. त्यात काय होतं? मागायचं सोडून कुटत बसलास."

"चुकलं माझं."

"चुकलं खरं." तो एवढं सरळ म्हणाला की मला बरं वाटलं. "सात वर्सं झाली, गल्ली मला कडू हाताचा म्हनते. हसून म्हनते, पर म्हनते. मी हसतो. तुला वाटतं मला काय लागत न्हाई. लागतंय."

"मी सांगतो सगळ्यांना."

"सांगायचं तर मडक्याजवळ सांग," तो म्हणाला. "हितं झाडाला सांगून काय करायलास?"

पाडव्याला सकाळी मडकं त्याने केलं. मी फक्त फुलं चोळली, आणि त्याने ती माझ्यादेखत पुन्हा एकदा निवडली. त्यातलं न बोललेलं मी समजून घेतलं. दहा वाजता तो वडिलांच्या जागी बसला. अक्का पहिली आली. एक मनगट अजून वाकडंच आहे तिचं.

"आज धाकटा कामून बसलाय? मास्तरला काय झालं?"

ओसरीवर सात-आठ माणसं होती. माय खाटेवर होती. वर्गात तीस वर्षं बोलणारा मी उठलो, मडक्याजवळ आलो.

"अक्का, त्या वर्षीचं कडू याचं नव्हतं. पाला मी कुटून घातला होता. याचं चांगलं व्हायलंय म्हणून."

कोपऱ्यात कुणाचा तरी ग्लास ओट्याला लागून वाजला. माय माझ्याकडे बघत होती, मग ती भावाकडे बघायला लागली, आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिली. ते मला सहन झालं नाही, पण ते माझ्या वाट्याचं होतं.

अक्काने वाकडं मनगट वर केलं. "म्हंजी ह्ये तुझ्यापायी मोडलं म्हन की."

एक जण हसला, मग दुसरा. अक्का हसली नाही. तिने ग्लास दोन्ही हातांनी भावापुढे धरला, प्यायली, आणि उपडा ठेवायच्या ऐवजी पुन्हा पुढे केला.

"आनीक वाढ. सात वर्साचं राहिलंय."

भावाने वाढलं. मायने फक्त एवढंच म्हटलं, "शेवया निवायल्यात. थोरल्याला बी घाला." आणि कूस बदलली. ती माझ्याशी त्या दिवशी आणखी काही बोलली नाही.

मीही प्यायलो. वडिलांचा हात. मी मोकळा झालो होतो, भावाचं नाव त्याला परत मिळालं होतं, गल्ली रेंगाळत होती, भजी तळून येत होती. आणि माझ्या छातीत तीच जुनी कळ आली, जराही कमी न होता. पाप सांगून टाकलं की हेवा जातो असं मला वाटत होतं. तो जात नाही. ग्लास उपडा ठेवून मी म्हणालो, "गोड झालं," आणि गोड झालेलंच होतं, म्हणून तर कळ होती.

अलीकडे पाडवा रोज्यांत येतो, त्यामुळे चाचांचा ग्लास आम्ही झाकून ठेवतो. संध्याकाळी अजान झाली, तसा तो घेऊन मी रस्ता ओलांडला. चाचा आता फारसं बाहेर येत नाहीत, सकाळी काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, किंवा पोचलं असून ते बोलले नाहीत. त्यांनी खजूर खाल्ला, ग्लास घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किसका हात है रे मास्तर?"

"छोटे का," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश सगळा संपवला. उपडा ठेवला नाही. माझ्या हातात दिला.

"और एक ला."

मी रिकामा ग्लास घेऊन पुन्हा रस्ता ओलांडला. ओसरीवर भाऊ मडकं कलतं करून तळाचं काढत होता.

"चाचा दुसरा मागतायत," मी म्हणालो, आणि ग्लास दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.